रेड रायडर दुरुस्ती: गॅरेजमधल्या नोंदी

१४ एप्रिल २०२४, रविवार

वस्तू: डेझी कंपनीची छर्ऱ्याची बंदूक, 'रेड रायडर', नंबर १११, मॉडेल ४०. मालक: शेजारचे काका, वय ७८. तक्रार: लिव्हर ओढता येते, चापही सुटतो, पण छर्रा नळीच्या तोंडातून घरंगळून बुटावर पडतो.

काकांना ती १९५४ साली थोरल्या भावाकडून मिळाली. भावाला कोरी आणि आपल्याला जुनी, हा सल अजून गेलेला नाही. लिव्हर ॲल्युमिनियमची आहे, म्हणजे बंदूक महायुद्धानंतरची. आधीच्या रेड रायडरना बिडाची लिव्हर असे. युद्धाच्या काळात कारखान्यात या बंदुका निघतच नव्हत्या, सगळा धातू युद्धाकडे वळला होता.

काकांच्या अटी दोन. लाकडी दस्त्यावर चाकूनं पाडलेल्या खाचांना हात लावायचा नाही. आणि बंदूक उडाली पाहिजे. "भिंतीवरच टांगायची असती तर तुझ्याकडे कशाला आणली असती?"

खाचा कसल्या, हे मी विचारलं. रिकामे डबे, म्हणाले. पडद्यावरचे बंदूकबाज माणूस मारला की दस्त्यावर खाच पाडत, म्हणून यांनी बीन्सच्या डब्यांचा हिशेब ठेवला.

आज फक्त फोटो काढले आणि पुढच्या नळीच्या आट्यांत गंज सुटायचं तेल सोडून ठेवलं.

२० एप्रिल

पुढची नळी सुटली. पट्ट्याचा पाना लावून, घाई न करता. आतून तांब्याचा मुलामा दिलेले काही पोलादी छर्रे पडले आणि वाळलेला कोळी.

मग दस्ता काढला आणि खोलायला घेतलं. आत मोठी स्प्रिंग दाबून बसवलेली असते. तिला धरून ठेवणारी पिन नुसती ठोकून काढली तर स्प्रिंग गॅरेजच्या पत्र्यापर्यंत उडेल आणि वाटेत कुणाचं तोंड असेल सांगता येत नाही. म्हणून आधी लेथवर खाचेचा एक दट्ट्या करून घेतला. बंदूक आणि दट्ट्या लांब क्लॅम्पमध्ये धरले, स्प्रिंग दाबली, पिन हातानं निघाली.

यंत्रणा बघून मन प्रसन्न झालं. माझं रोजचं काम गाड्यांच्या पत्र्याच्या डायांचं, म्हणजे पत्रा दाबून घडवायच्या साच्यांचं, त्यामुळे हे माझ्या घरचंच निघालं. ही बंदूक जवळजवळ सगळी पत्र्याची आहे, दाबयंत्राखाली कापलेली, वळवलेली, कडा जुळवलेली. वेगळा सिलिंडर नाही, बाहेरच्या नळीचा मागचा भागच सिलिंडर. लिव्हर ओढली की आतला दट्ट्या (पिस्टन) मागे जाऊन स्प्रिंग दबते. चाप ओढला की दट्ट्या पुढे झेपावतो. त्याच्या तोंडाशी एक बारीक पोकळ नळी आहे, ती आधी छर्ऱ्याला जागेवरून ढकलते आणि लगेच तिच्यातूनच दाबलेली हवा मागून येते. म्हणजे आधी गलोल, मग पंप. इतक्या कमी भागांत इतकं काम करून घेणाऱ्याला मी डिझाइनच्या परीक्षेत पैकीच्या पैकी देईन.

पत्र्यावरचा ठसा तेलाच्या फडक्यानं पुसल्यावर वाचता आला: डेझी मॅन्युफॅक्चरिंग कंपनी, प्लिमथ, मिशिगन. प्लिमथ आमच्या घरापासून गाडीनं जेमतेम पंधरा मिनिटं. रेड रायडर म्हणजे फ्रेड हारमन यांच्या १९३८ पासून वर्तमानपत्रात येणाऱ्या चित्रमालिकेतला तांबड्या केसांचा काउबॉय, पण त्याच्या नावाची बंदूक बनली डेट्रॉइटच्या उपनगरात, आणि तीही मुळात पवनचक्क्या करणाऱ्यांकडे. १८८२ साली सुरू झालेली प्लिमथ आयर्न विंडमिल कंपनी शेतकऱ्यांना लोखंडी पवनचक्क्या विकायची, धंदा काही धावत नव्हता. १८८८ च्या सुमारास क्लॅरेन्स हॅमिल्टन यांनी धातूची हवाई बंदूक करून दाखवली. ती पवनचक्कीवर भेट म्हणून देऊ लागले, आणि थोड्याच काळात लोक पवनचक्की राहू द्या, बंदूक द्या म्हणू लागले. १८९५ मध्ये कंपनीनं नावच बदललं.

काकांची मावशी त्या कारखान्यात होती. १९५८ ला कंपनी आर्कान्साच्या रॉजर्स गावी गेली, मावशी गेली नाही. टीव्हीवर काउबॉयचा सुकाळ आणि प्लिमथमध्ये काउबॉयच्या बंदुका करणाऱ्यांचा रोजगार बंद, दोन्ही एकाच वर्षी.

२१ एप्रिल

दट्ट्याच्या तोंडावरचं चामडं वाळून, आक्रसून बिस्किटासारखं झालंय. हात लावला तर भुगा. हवा इथूनच निसटते.

आप्पा सहा महिन्यांसाठी सांगलीहून आलेत. थंडी अजून सरलेली नाही, त्यामुळे स्वेटर आणि कानटोपी घालून गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसतात. मी तो भाग चिमट्यानं उचलून दिव्याखाली धरला तर म्हणाले, "अगं, हे तर स्टोव्हचं वायसर आहे की!"

खरंच आहे. रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपात वाटीच्या आकाराचं चामडी वायसर असतं, त्याचा खोलगट भाग हवेच्या बाजूला. पंप मारला की हवेच्या दाबानं वाटीच्या कडा फाकतात आणि भिंतीला घट्ट बसतात. मागे ओढताना कडा सैल पडतात. बंदुकीत अगदी हेच. आमच्या घरी स्टोव्हला हवा धरेना झाली की आई वायसर काढून गोड्या तेलात बुडवून ठेवायची, बोटांनी कडा फाकवून परत घालायची. गॅस आल्यावर स्टोव्ह माळ्यावर गेला, पण आप्पांच्या हाताला आठवण आहे. त्यांनी जुना वायसर तळहातावर ठेवून अंगठ्यानं फिरवून पाहिला आणि जाडी सांगितली. व्हर्निअर लावला, बरोबर निघाली.

तयार रबरी सील बाजारात मिळतं. काका तेही चालेल म्हणाले. आप्पांना चालणार नाही असं दिसतंय.

२७ एप्रिल

चामडं मागवलंय, वनस्पतींच्या सालीत कमावलेलं. क्रोमचं चामडं आकार धरत नाही. ते येईपर्यंत काम थांबलंय, म्हणून टीव्हीची नोंद.

अँटेनावर एक वाहिनी दिवसभर जुन्या मालिका दाखवते. काका दुपारी आमच्याकडे येतात आणि आप्पांबरोबर 'गनस्मोक' बघतात, मॅट डिलन या मार्शलची वेस्टर्न, म्हणजे काउबॉयच्या मुलखातली मालिका. १९५५ ते १९७५, वीस हंगाम, ६३५ भाग. आप्पांना भाषा अर्धी कळते, गोष्ट पूर्ण कळते. त्यांचा पहिला आणि एकमेव प्रश्न: "हा मॅट डिलन वीस वर्षं एकाच ठाण्यात? याची बदली कशी होत नाही?" काकांना हे समजावून सांगताना माझी पुरेवाट झाली. समजल्यावर ते इतके हसले की पुढचा गोळीबार हुकला.

आप्पांचं वेस्टर्न म्हणजे 'मॅकेनाज गोल्ड'. त्यांच्या पिढीतल्या पुष्कळांचं तेच. इथं त्या सिनेमाचं फारसं कुणाला काही नाही, काकांनी तर पाहिलेलाही नाही, यावर आप्पांचा विश्वास बसत नाही.

काकांच्या घरी टीव्ही आला तेव्हा पडद्यावर विल्यम बॉइड यांचा हॉपअलाँग कॅसिडी होता. काळे कपडे, पांढरा घोडा. १९४९ ला ती मालिका आली आणि पुढच्याच वर्षी तिचं चित्र असलेले शाळेचे डबे निघाले. १९५८-५९ च्या हंगामात सगळ्यात जास्त पाहिल्या गेलेल्या दहा कार्यक्रमांपैकी सात वेस्टर्न होते. काका तेव्हा बारा वर्षांचे. अशा पोराच्या डोक्यात दुसरं काय शिरणार?

पण मला सगळ्यात गंमत वाटली ती 'लोन रेंजर'ची. मुखवटा घातलेला तो टेक्सासचा रेंजर मुळात रेडिओवरचा, आणि तो रेडिओ डेट्रॉइटचा. जानेवारी १९३३ मध्ये डब्ल्यूएक्सवायझेड केंद्रावरून कार्यक्रम सुरू झाला. केंद्राचे मालक जॉर्ज ट्रेंडल, आणि संहिता लिहिणारे फ्रॅन स्ट्रायकर न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोचे. टीव्हीवर तो १९४९ ला गेला. म्हणजे काकांच्या मनात जो टेक्सास आहे, लाल माती, निवडुंग, धूळ, त्याचा आवाज डेट्रॉइटच्या स्टुडिओतून निघाला आणि त्याची बंदूक प्लिमथमध्ये पत्र्याला घड्या घालून तयार झाली. काका त्या मुलखात पहिल्यांदा गेले ते पन्नाशीनंतर. "उन्हाळा फार होता," एवढंच सांगितलं त्याबद्दल.

४ मे

वायसरची डाय केली. नायलॉनच्या गोल दांड्यातून वरचा दट्ट्या आणि खालची वाटी, दोन्हींत चामड्याच्या जाडीइतकी फट. चामडं कोमट पाण्यात भिजवून मऊ केलं, डायमध्ये ठेवून व्हाइसमध्ये हळूहळू दाबलं. रात्रभर तसंच ठेवायचं. पहिला नग सुरकुतला, पण तो नुसता फट पाहायला केला होता. आप्पांनी सुचवलं की दाबताना मध्येच थोडं सोडावं, चामड्याला बसायला वेळ मिळतो. त्यानं काम झालं.

वाळल्यावर कडा ब्लेडनं कापली, कोमट तेलात बुडवून ठेवलं. डेझीच्या जुन्या बंदुकांना साधं इंजिन ऑइल चालतं.

१२ मे

चिरंजीवांनाही आता गोडी लागली आहे. शनिवारी 'द रायफलमन' लागतं. १९५८ ते १९६३, चक कॉनर्स, विधुर शेतकरी ल्यूकस मकेन आणि त्याचा मुलगा मार्क. सुरुवातीलाच तो रस्त्यानं चालत येतो आणि कमरेपासून धडाधड बारा बार काढतो. पोराचा प्रश्न: लिव्हर ओढायची, मग चाप ओढायचा, तर इतक्या लवकर कसं?

उत्तर शोधून कागदावर काढून दिलं, कारण हे माझ्या खात्यातलं. त्याची रायफल विंचेस्टरची, मॉडेल १८९२. लिव्हरचं कडं मोठं केलेलं, म्हणजे हात बाहेर न काढता बंदूक गर्रकन फिरवता येते. आणि चापाच्या कड्यात एक स्क्रू आत घुसवलेला. लिव्हर परत बंद झाली की स्क्रूचं टोक चाप दाबतं. बोटाला कामच नाही, लिव्हर मारत राहायची. नेमबाजीच्या दृष्टीनं हा शुद्ध वेडेपणा आहे, पण कॅमेऱ्यासमोर फार छान दिसतो.

मालिकेची गोष्ट १८८० च्या दशकात घडते आणि रायफल १८९२ ची. काकांना हे लहानपणीच माहीत होतं. त्यांच्या मते असली चूक काढणारा माणूस तो भाग बघायच्या लायकीचा नाही. मी गप्प बसले.

कॉनर्स त्याआधी शिकागो कब्जकडून बेसबॉल आणि बोस्टन सेल्टिक्सकडून बास्केटबॉल खेळले होते. तो दांडगा माणूस मुलाशी बोलताना खाली वाकतो, काकांच्या लक्षात तेवढंच राहिलंय. त्यांचे वडील कधी वाकले नाहीत.

'लोन रेंजर' खेळताना काकांना नेहमी टोंटो, म्हणजे रेंजरचा मूळनिवासी साथीदार, व्हावं लागे. मुखवटा थोरल्याकडे. टीव्हीवरचे टोंटो, जे सिल्व्हरहील्स, खरोखरचे मोहॉक या मूळनिवासी जमातीचे, सीमेपलीकडे ओन्टारिओतल्या सिक्स नेशन्सच्या राखीव वस्तीत जन्मलेले. पडद्यावर मात्र त्यांना मोडकं इंग्रजी बोलायला लावलं. काका म्हणाले की तेही तसंच मोडकं बोलायचे आणि रोज हरायचे. मग एके दिवशी त्यांनी खेळात 'आता मी तुझं ऐकणार नाही' असं जाहीर केलं. खेळ तिथंच मोडला.

१८ मे

दुसरी वस्तू आली: टिकल्यांचं पिस्तूल. मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीचं फॅनर ५०, १९५७ नंतरचं. जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव, हाताला चांगलं जड. घोड्याची स्प्रिंग तुटली आहे. याची खुबी अशी की चाप दाबून धरायचा आणि दुसऱ्या तळहातानं घोडा मागे झोडत सुटायचं. बार्बी येण्याआधी मॅटेलला पोरं ओळखायची ती बंदुकांवरून. १९५५ ला 'मिकी माऊस क्लब'च्या जाहिरातींतून त्यांनी 'बर्प गन', म्हणजे टिकल्यांची मशीनगन, थेट मुलांना विकली. आईबापांना पटवायचं काम पोरांवर सोपवलं.

टिकल्यांचे रोल इथं अजून मिळतात. लाल कागदाची पट्टी, तिच्यावर दारूचे ठिपके, थेट आपल्या दिवाळीतल्यासारखे. लाल फॉस्फरस आणि पोटॅशियम क्लोरेट, दोन्हीकडे नुस्खा तोच. पिस्तूल नादुरुस्त असल्यामुळे रोल गॅरेजच्या काँक्रीटवर उलगडला आणि आप्पांच्या हातात हातोडा दिला. पत्र्याचं पिस्तूल नरकचतुर्दशीलाच मोडायचं आणि उरलेल्या टिकल्या उंबऱ्यावर बत्त्यानं फोडायच्या, ही आमच्या गल्लीची रीत होती. मुली यात मागे नसायच्या, मी तर नाहीच.

ठाप्. धूर. वास.

दोघे म्हातारे एकदम वाकले आणि वास घेऊ लागले. मग हातोड्यावरून भांडण. अर्ध्या तासात रोल संपला. बायकोनं गाडी बाहेर लाव म्हणून फोन केला तेव्हा काका गेले, तेही दुसरा रोल खिशात घालून.

२५ मे

आज काम नाही, घरातला नियम ठरवला.

चिरंजीव फॅनर ५० हातात घेऊन काकांच्या अंगणाकडे निघाले होते. मी हाक मारून थांबवलं. १९८९ पासून इथं खेळण्यातल्या बंदुकीच्या तोंडाला केशरी टोक असावं लागतं, हे त्याच्या कितीतरी आधीचं असल्यामुळे अर्थातच नाही. लांबून बघणाऱ्याला ते पिस्तूल आहे, बस्स. क्लीव्हलंड इथून अडीच तासांवर. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये तिथं टमीर राइस नावाचा बारा वर्षांचा काळा मुलगा बागेत खेळण्यातलं पिस्तूल घेऊन होता, त्याचं केशरी टोक निघालेलं होतं. पोलिसांची गाडी आली आणि दोन सेकंदांत त्याला गोळी घातली. माझा मुलगाही बाराचा आहे आणि त्याचा रंग लांबून कुणाला काय वाटेल ते मी सांगू शकत नाही.

काका म्हणाले, आम्ही दोन-दोन पिस्तुलं कमरेला लावून भर रस्त्यानं शाळेला जायचो, कुणी वर बघायचं नाही. खरं असेल. त्यांच्या वर्गात कोण कोण होतं हेही मी विचारलं. थोडा वेळ विचार करून ते म्हणाले, सगळे माझ्यासारखेच.

नियम: दोन्ही वस्तू या घरातून त्या घरात जाताना कॅनव्हासच्या पिशवीत, चेन लावून, मोठ्या माणसाच्या हातात.

१ जून

जोडणी. नवं वायसर, जुनीच स्प्रिंग (लांबी जेमतेम कमी झाली आहे, बदलायचं कारण नाही), चापाच्या जागी ग्रीसचं बोट. ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचं गंज रोखणारं निळसर-काळं आवरण, जिथं गेलंय तिथं गेलंय, फक्त गंज काढून तेलाचा हात दिला. दस्त्यावरचं रेड रायडरचं नाव जेमतेम दिसतं, तसंच ठेवलं. खाचा शाबूत. खोगिराला अडकवायच्या कडीतली चामड्याची वादी मात्र नवी घातली, वायसरच्या उरलेल्या चामड्यातून.

चाचणी गॅरेजमध्ये, दार लावून, पाच मीटरवरून. पोलादी छर्रा कठीण वस्तूवरून उलटा येतो, म्हणून खोक्यात जुनी वर्तमानपत्रं ठासली आणि पुढे सतरंजी सैल सोडली. आप्पांसकट सगळ्यांना चष्मे. क्रोनोग्राफवर, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजायच्या यंत्रावर, सेकंदाला २६० फुटांच्या आसपास आकडा येतोय. नव्या रेड रायडरपेक्षा कमी, पण या वयाच्या बंदुकीला झकास.

पहिला बार काकांचा. त्याआधी त्यांनी न विचारता नियम म्हणून दाखवले: बंदूक भरलेलीच आहे असं समज, तोंड माणसाकडे नाही, निशाण्यामागे काय आहे ते बघ, बोट शेवटी. वडिलांनी पाठ करून घेतले होते. थोरल्याला एकदा दोन महिने बंदूक मिळाली नव्हती कारण त्यानं ती चुलतभावावर रोखली होती, रिकामी असूनही. टीव्हीवर दर पाच मिनिटांनी कुणी ना कुणी कुणावर तरी रोखतच असे, घरात मात्र या बाबतीत काडीची सूट नव्हती.

मग पोराचा नंबर. लिव्हर ओढायला त्याला गुडघ्याचा आधार घ्यावा लागला. आप्पांचे तीन छर्रे सतरंजीच्या बाहेर गेले नाहीत, याहून जास्त लिहायला नको.

८ जून

काकांनी आज तिसरी वस्तू दाखवली, त्यांच्याच घरी, कुलपाच्या कपाटातून काढून: पॉइंट टू टूची (०.२२ इंची नळीची) रायफल, एकबारी, बोल्टची, म्हणजे मागचा दांडा सरकवून भरायची. बाराव्या वाढदिवसाला वडिलांनी गावच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली. तेव्हा कॅटलॉगमधून टपालानंही रायफल घरी येई, १९६८ च्या कायद्यानं ते बंद झालं. छर्रे, टिकल्या आणि मग ही, असा तो जिना होता. टीव्ही आणि दुकानदार मिळून तो चढवून घेत. पण या शेवटच्या पायरीवर बाप सोबत असल्याशिवाय पाय ठेवता येत नसे.

बोल्ट नीट बसत नाही, बघशील का, असं विचारलं. नाही म्हटलं. हे खेळणं नव्हे, आणि मी बंदुकीची कारागीर नव्हे. परवानाधारक कारागिराकडे न्या म्हटलं. काकांना वाईट वाटलं नाही. मान डोलावून त्यांनी ती परत कपाटात ठेवली.

आप्पांनी मात्र ठेवण्याआधी हातात मागून घेतली. बोल्ट उघडून आत रिकामी आहे ना ते पाहिलं, तोंड जमिनीकडे. मी बघतच राहिले. ते विलिंग्डन कॉलेजात असताना एनसीसी सक्तीची होती, चीनच्या युद्धानंतर. पोटावर पडून, पंचवीस यार्डांवरून, पाच गोळ्या. सुभेदार मागे उभा राहून बुटानं पाय फाकवायचा. ही गोष्ट मी आजवर ऐकली नव्हती.

"ग्रुपिंग किती आलं होतं?" काकांनी विचारलं. म्हणजे पाचही गोळ्या एकमेकींच्या किती जवळ लागल्या.

आप्पांनी अंगठा आणि तर्जनी यांत अंतर दाखवलं. काकांनी ते अंतर थोडं वाढवलं. आप्पांनी परत कमी केलं.

राहिलेलं काम: फॅनर ५० ची स्प्रिंग, तार मागवली आहे. रेड रायडरच्या नळीच्या तोंडाशी एक आटा झिजलेला, सध्या चालतंय. पुढच्या शनिवारी दोघांना प्लिमथच्या इतिहास संग्रहालयात न्यायचंय, तिथं डेझीच्या बंदुका मांडल्या आहेत. काकांना त्यांच्या मावशीच्या खात्यातलं काही दिसतं का ते बघायचं आहे, आप्पांना पवनचक्की.